गाव मग सांगते

रविवार, १३ एप्रिल

सकाळच्या गाडीने दौंडहून निघालो. चौफुल्याला गाडी बदलली. न्हावऱ्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू आहे, त्यामुळे शिरूरला पोचायला दुपार झाली. ऊन फार होतं. सामान न आणताच संध्याकाळी परत आलो.

कंपनीकडून दरवर्षी डायरी मिळते. आजवर तिच्यात काही लिहिलं नव्हतं. माझ्या बायकोने, अनिताने, दारातच विचारलं, "सामान कुठंय?" मला नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहून बघतो.

अनूला जाऊन महिना झाला. अनुपमा, माझी धाकटी बहीण. शिरूरजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात केमिकल शाखेला शिकवायची. लग्न केलं नाही. सरूबाईंच्या घरी माडीवर दोन खोल्या घेऊन राहायची. त्या खोल्या रिकाम्या करायला मी गेलो होतो. तिच्या आजाराचं आम्हाला अगदी शेवटी कळलं, पुण्यातल्या हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा.

जिना चढून गेलो तर दार उघडं. आत एक मुलगी दाराजवळ जमिनीवर बसून वाचत होती. खुर्च्या रिकाम्या होत्या. मला बघून उठून उभी राहिली.

"कोण तू?"

तिने पुस्तक मिटलं.

"दार कुणी उघडलं?"

"माहीत नाही, साहेब."

चावी तिच्या हातात होती. मी म्हणालो, "हातात चावी आहे आणि माहीत नाही?" त्यावर खाली बघत राहिली. मी आवाज चढवला नव्हता. माझा आवाज मुळातच जड आहे असं अनिता म्हणते.

तेवढ्यात एक मुलगा कलिंगड घेऊन वर आला. "तुम्ही मॅडमचे दादा ना? फोटोत बघितलंय. मॅडमचे दादा म्हणजे आमचे मामा. आता यात बदल होणार नाही," म्हणाला. धम्मदीप त्याचं नाव. आपल्याच तालुक्यातला, पाटसजवळचा. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने सांगितलं की रविवारी अनू इथे मुलांना शिकवायची. घरात पहिल्यांदाच कुणीतरी कॉलेजात गेलंय, अशी मुलं. पूर्वी बरीच यायची. आता हे दोघंच येतात.

"मॅडम गेल्या हे माहीत आहे ना तुम्हाला?" मी विचारलं.

"दहाव्याला आलो होतो की आम्ही, मामा. मागं उभे होतो. पण म्हाळसाची ओरल आहे मेमध्ये. मग बसायचं कुठं?"

म्हाळसा म्हणजे ती मुलगी. केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी तिला विचारलं, "मॅडम आजारी आहेत हे तुला केव्हा कळलं?"

"माहीत नाही, साहेब."

खाली उतरलो तर सरूबाईंनी ओट्यावर थांबवलं. "मॅडमनी त्या पारध्याच्या पोरीला चावी दिली व्हती. मी काय बोलनार? ज्याची खोली त्याची मर्जी. पन तवापास्नं मी दुपारचीसुदीक कडी लावून झोपते बघा."

मी चष्मा विसरल्याचं सांगून परत वर गेलो आणि अनूचं कपाट उघडलं. आईच्या बांगड्या जागेवर होत्या. मी कपाट बंद करेपर्यंत म्हाळसा भिंतीकडे तोंड करून उभी होती. चष्मा माझ्या खिशात होता, हे बहुतेक तिलाही दिसलं असावं.

मला बरं वाटलं नाही. पण बघितलं.

रविवार, २० एप्रिल

पुन्हा शिरूर. अनिता म्हणाली, "टेम्पो ठरवू का?" मी म्हणालो, आधी भांडी बांधून ठेवतो. भांडी बांधली नाहीत.

ती दोघं होती. मी म्हणालो, बसा, मी काही मदत होते का बघतो. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. कुरकुंभच्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये आजवरची सगळी नोकरी झाली. पंप, पाइप, प्रवाह हा तिचा विषय माझा नाही, पण पुस्तक समोर ठेवून प्रश्न विचारता येतात.

मी विचारले. म्हाळसा उभी राहून ऐकायची आणि गप्प. कधी "माहीत नाही, साहेब." तिची वही बघितली तर सगळं नीट लिहिलेलं. आकृत्यासुद्धा अनूच्या आकृत्यांपेक्षा सुबक.

धम्मदीप मला गॅलरीत घेऊन गेला. "मामा, असं नाही. मॅडम कधीच विचारायच्या नाहीत."

"मग शिकवायची कशी?"

"चुकीचं सांगायच्या."

"म्हणजे?"

"म्हणजे चहा गाळता गाळता काहीतरी चुकीचं ठोकून द्यायच्या आणि आपलं काम करत राहायच्या. ऐकवत नाही हो. अर्ध्या मिनिटात कुणीतरी ओरडतंच, मॅडम चुकलं. मग त्या म्हणायच्या, छे, माझंच बरोबर. मग भांडण. मी मेकॅनिकलचा, पण अर्धं केमिकल भांडून शिकलोय."

मला हे पटलं नाही. तरी प्रयत्न केला. मनात वाक्य तयार केलं की ॲसिड पातळ करताना ॲसिडमध्ये पाणी ओतायचं. सगळ्यात सोपी चूक. पण तोंडातून निघेना. लॅबमध्ये नव्या पोरांना पहिल्या दिवशी याच्या उलट बजावतो. "ॲसिडमध्ये..." इथपर्यंत आलो आणि थांबलो. मग म्हणालो, "ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतायचं नाही."

धम्मदीप एवढा हसला की खालून सरूबाईंनी हाक मारली. म्हाळसासुद्धा हसली असावी. तिने ओढणी तोंडाला लावली होती.

अनूचा हा स्वभाव मला माहीत नव्हता. घरी ती फार बोलायची नाही. आम्ही दोघंही तसेच.

बुधवार, २३ एप्रिल

कॅन्टीनमध्ये पॅकिंगचे हौसराव शेजारी बसले. "काय झालं होतं हो बहिणीला?" मी म्हणालो, आजारी होती. "हां हां," म्हणाले. मग कैऱ्यांच्या भावाबद्दल बोललो.

दुपारी गव्हाणे मॅडमना फोन केला. त्या अनूच्या विभागात आहेत. म्हाळसाचं विचारलं.

"जयसिंगराव, तिचे पेपर बघा तुम्ही. लेखी उत्तम. ओरलला बाहेरचे परीक्षक येतात, तिथे ही दगडासारखी बसते. दोनदा नापास केलंय. मागच्या वेळचे परीक्षक मला म्हणाले, लेखीत नक्की कॉपी केली असणार. आता ही दुसऱ्या वर्षाची राहिलेली ओरल सुटली नाही तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही. वर्ष घरी बसायचं. वसतिगृहाची जागा जाते. आणि आमचा अनुभव सांगते, अशी एकदा घरी बसलेली मुलगी परत येत नाही. अनुपमाला तीच काळजी होती शेवटपर्यंत."

शेवटपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, हे विचारायचं राहून गेलं. आमच्या घरात एकमेकांना फार विचारायची पद्धत नाही. ज्याला सांगायचं तो सांगतो.

रविवार, २७ एप्रिल

आज जमलं. लिहून ठेवतो.

मी घरून वाक्य पाठ करून गेलो होतो. चहा ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणालो, "सेंट्रिफ्यूगल पंप रिकामा चालू केला तरी काही फरक पडत नाही. आपोआप पाणी ओढून घेतो."

चहाला उकळी आली. मग मागून आवाज आला, "न्हाई ओढत."

"ओढतो."

"न्हाई ओढत, साहेब. आत हवा असली तर हवाच फिरवत बसतो. हवा हलकी असती. तेवढा दाब तयार होत न्हाई. आधी पाणी भरावं लागतं, पंपाचं पोट, केसिंग, भरंस्तवर."

"कोण म्हणतं?"

"पुस्तक म्हनतं. आन् आमचे वडील बी म्हनतात, इहिरीवरच्या मोटारीला रोज शिव्या देऊन पाणी पाजतात."

धम्मदीप म्हणाला, "शिव्या दिल्या की दाब वाढतो का, मामा?" मी म्हणालो, वाढतो. म्हाळसा म्हणाली, "त्याचं समीकरण दाखवा." मी अजून दोन-तीन चुका केल्या. व्हॉल्व कुठला बंद ठेवायचा ते मुद्दाम उलट सांगितलं, तर ती माझ्या हातातून पेन घेऊन आकृतीच काढायला लागली. आपण कुणाशी बोलतोय याचं तिला भानच नव्हतं. जमिनीवरून उठून ती केव्हा खुर्चीवर बसली तेही कळलं नाही.

तेवढ्यात सरूबाई ताक घेऊन वर आल्या. चांगल्या मनाने आल्या होत्या. म्हाळसाला पहिल्यांदाच पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "घे गं. नाव काय म्हनलीस? गाव कुठलं तुझं? बाप काय करतो?"

म्हाळसा उठून उभी राहिली. "माहीत नाही."

"आगं बापाचं काम म्हाईत न्हाई?" सरूबाई माझ्याकडे बघून हसल्या. "काय पोरगी हाय!"

त्या गेल्यावर मी पंपाचंच पुन्हा काढलं. मगाशी जे ती माझ्याशी भांडून सांगत होती तेच. एक शब्द नाही. चेहरा असा की समोर मी नाहीच. धम्मदीपने डोळ्यांनी मला नको म्हणून खुणावलं. ताक तसंच राहिलं.

गाडीत मला आठवलं. आमच्याकडे मुलाखतीला नवीन पोरं येतात तेव्हा आम्ही सुरुवातीला हेच विचारतो. नाव काय, गाव कुठलं, वडील काय करतात. पोरांची भीती मोडावी म्हणून.

रविवार, ४ मे

आज म्हाळसाबरोबर तिची आई आली होती. धुरपदाबाई. मला बघायला आली होती हे उघड होतं. पोरगी रविवारी कुणा नव्या माणसाच्या खोलीत जाते, तो कोण. मला ते योग्य वाटलं. पण तिने माझीच उलटतपासणी सुरू केली.

"बायकु कुठं हाय तुमची?"

"दौंडला."

"ती का येत न्हाई?"

"घरचं काम असतं."

"पोरं?"

"एक मुलगा. विक्रम. बंगलोरला असतो."

"भन कशानं गेली?"

"आजारी होती."

"ते म्हाईत हाय. कशानं?"

मी म्हणालो, चहा घेणार का? धुरपदाबाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग एकदम सैल झाल्या. "घेते की. साखर घाला बक्कळ," म्हणाल्या. लेकीला त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. ती हसली आणि गॅलरीत गेली. मला त्यातलं काही कळलं नाही.

चहा पिता पिता त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"कुठं काय चोरीला गेलं की पोलीस गाडी आमच्या वस्तीवर येती. तिकडं कुठंबी, दहा कोस लांब झालं तरी. मोठी मानसं पांगत्यात. मागं पोरं. मग साहेब लई गोड बोलतो पोरांशी. बाळ, नाव काय? गाव कुठलं? बाप कुठं हाय? पोरगं सांगतं, त्याला काय कळतं. आन् बाप जातो मग. हिचा चुलता तसाच गेला, हिनंच सांगितलं व्हतं, एवढीशी व्हती. तवापास्नं मीच शिकवलंय तिला. गोड इचारलं की तोंडच उघडायचं न्हाई. काय बी झालं तरी म्हाईत न्हाई म्हनायचं."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "मॅडमला बी सांगितलं व्हतं मी ह्ये. त्या रडल्या."

अनूला रडताना मी लहानपणानंतर पाहिलेलं नाही.

जाताना जिन्यात थांबून धुरपदाबाई म्हणाल्या, "औंदा न्हाई झालं तर हिचे चुलतभाऊ लगीन लावून टाकतील. मी किती दिस धरू? त्यांचं बी चुकीचं न्हाई म्हना. पोरगी पास हुईल का?"

मी म्हणालो, होईल. का म्हणालो कुणास ठाऊक.

रविवार, ११ मे

आज माझं चुकलं असं वाटतं. खात्री नाही.

मी विचार करून एक उपाय काढला होता. परीक्षक आधी गाव आणि वडील विचारतात, तिथेच ही अडकते. तर त्याचं उत्तर आधीच ठरवून पाठ करायचं. गाव शिरूर. वडील शेती करतात. संपलं. पुढचा प्रश्न पंपाचा.

मी हे सांगितलं. म्हाळसा म्हणाली, "वडील शेती करत न्हाईत."

"हो, पण परीक्षक काय बघायला येणार आहे का?"

"दुसऱ्याच्या लिंबाच्या बागा राखतात."

"मग शेतीशीच संबंध आहे की."

ती गप्प झाली. गप्प म्हणजे पुन्हा तशीच. या वेळी ते मी केलं.

धम्मदीप एरवी थट्टा करतो. आज म्हणाला, "मामा, माझ्या आजोबांनी आडनाव बदललं होतं. गावाच्या नावावरून घेतलं. त्यामुळे मला गाव विचारत नाहीत, सारखं आडनाव विचारतात. मूळचं कुठलं, मूळचं कुठलं म्हणून. मूळचं सांगेपर्यंत थांबत नाहीत. एकदा खोटं सांगितलं की त्या खोट्याची राखण करावी लागते. त्यापेक्षा लिंबाच्या बागा राखणं सोपं."

म्हाळसा त्याला म्हणाली, "तू गप रे. लिंबाच्या बागेत रात्रीचं जाऊन बघ, कळंल किती सोपं ते."

पण माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर अनिताने विचारलं, "झालं का बांधून?" मी म्हणालो, या महिन्याचं भाडं देऊन टाकलंय, घाई नाही. ती म्हणाली, "तुम्ही सामान आणायला जाता का शाळा भरवायला?" मग स्वतःच म्हणाली, "जा. घरात बसून तरी काय करता, भिंतीकडे बघता." मी भिंतीकडे बघतो हे मला माहीत नव्हतं.

गुरुवार, १५ मे

लॅबमध्ये नवीन ट्रेनी आला. सुरज. सोलापूरकडचा असावा. मी हात पुढे केला आणि तोंडातून निघालं, "गाव कुठलं?" त्याने सांगितलं. त्याला काही वाटलं नाही. मलाच वाटलं.

रविवार, १८ मे

बुधवारी ओरल. आज शेवटचा रविवार.

म्हाळसा वेळेवर आली. मागच्या वेळचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. मी दोन चुका केल्या, तिने दोन्ही पकडल्या. मग मी म्हणालो, "आता मला काही सुचत नाही. गावाचं काय करायचं ते तूच ठरव."

तिने बराच वेळ पेनचं टोपण उघडलं, लावलं. मग म्हणाली, "खालच्या आजींना बोलवा."

सरूबाई आल्या. बोलावतानाच मी त्यांना समजावलं होतं की तिला तसंच विचारा, गोड. सरूबाई खुर्चीवर साहेबासारख्या बसल्या, पदर सारखा केला.

"हं. नाव काय गं तुझं?"

म्हाळसा उभी. ओठ मिटलेले. मला वाटलं, गेलं सगळं. मग एकदम म्हणाली, "तुमचं काय?"

"माझं?" सरूबाई गडबडल्या. "सरस्वती. पन कोनी म्हनत न्हाई."

"गाव?"

"सासर ह्येच की. माहेर करड्याचं."

"वडील काय करायचे?"

"माझा बाप?" सरूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आत्ता गं बया, हिनं मलाच धरलं." पण सांगायला लागल्या. बाप गुळाच्या गुऱ्हाळावर होता, हात भाजलेला होता, एकदा दारू पिऊन बैलगाडीत झोपला आणि बैल त्याला परस्पर दुसऱ्याच गावाला घेऊन गेले. बोलता बोलता डोळे पुसले. बापाचं त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नसावं.

त्या थांबल्यावर म्हाळसा खाली बसली आणि आपण होऊन म्हणाली, "मी म्हाळसा काळे. आमची वस्ती न्हावऱ्याच्या पुढं, कॅनॉलच्या अंगाला. वडील लिंबाच्या बागा राखतात." मग सरूबाईंकडे सरळ बघून म्हणाली, "पारधी हाय आम्ही."

"ते म्हाईत हाय मला," सरूबाई म्हणाल्या. मग, "लिंबं कशी हायेत औंदा?"

"बारकी. पाणी कमी पडलं."

"येताना आन चार. लोनचं घालू."

हे सगळं झालं. पण सरूबाई म्हणजे काही परीक्षक नव्हेत. त्यांना उलट विचारता आलं. तिथे कोण उलट विचारू देणार? मी हे बोललो नाही. म्हाळसाला ते कळत असणारच.

बुधवार, २१ मे

रजा घेतली. अनिता भाचीच्या लग्नाला बारामतीला गेली आहे.

कॉलेजच्या फाटकावर म्हाळसा एकटीच उभी होती. धम्मदीपची स्वतःची परीक्षा होती. मला आत जायचं कारण नव्हतं. समोरच्या रसवंतीत बसलो. ती आत जाण्याआधी मी तिला काहीतरी चुकीचं सांगावं म्हणून म्हणालो होतो, "परीक्षक फार वाईट असतात." ती म्हणाली, "हे चुकीचं हाय का बरोबर, ते आता कळंल," आणि गेली.

दुपार उलटून गेली. मुलं घोळक्याने बाहेर येत होती. ती बऱ्याच उशिरा आली. तोंडावरून काही समजेना. माझ्या समोरच्या बाकावर बसली, पाणी प्यायली.

"काय झालं?" असं विचारायला तोंड उघडलं होतं. मग म्हणालो, "विचारलंच नसेल त्यांनी काही."

"विचारलं," ती म्हणाली. "वयस्कर होते. चांगले वाटत होते. बस बेटा म्हणाले. नाव काय, गाव कुठलं, वडील काय करतात, सगळं एका दमात. माझी जीभ टाळूला चिकटली. गव्हाणे मॅडम शेजारी होत्या, त्या खाली बघायला लागल्या. मग मी म्हणाले, सर, आधी पंपाचं विचारा. गाव मग सांगते."

"असं म्हणालीस?"

"हो. आपोआप निघालं. ते बघतच राहिले. मला वाटलं आता हाकलतात. मग हसले आणि म्हणाले, बरं, पंपाचं. आणि विचारत गेले. मी सांगत गेले. एक आलं नाही, ते आलं नाही म्हणून सांगितलं. 'माहीत नाही' असं मी नाही म्हणाले. 'हे मला येत नाही सर' असं म्हणाले."

"आणि गाव?"

"विसरले ते. पुढच्या मुलाला बोलवा म्हणाले. मग उठताना मीच सांगितलं. गाव, आणि वडलांचं. ते म्हणाले, अच्छा. बस, एवढंच. अच्छा."

आम्ही रस घेतला.

परतीची गाडी दोघांची एकच. ती न्हावऱ्याच्या पुढे उतरणार, मी चौफुल्याला. खिडकीशी ती बसली. बाहेर उसाचं पाचट पेटवलं होतं. मी बोलायचं म्हणून म्हणालो, "अनूला आज बरं वाटलं असतं. तिने आपल्या आजाराचं कुणालाच कळू दिलं नाही. एकटीनेच काढलं सगळं."

मी काही मुद्दाम चुकीचं बोललो नव्हतो. मला तसंच वाटत होतं.

म्हाळसा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एकटीनं न्हाई."

मी तिच्याकडे वळून बघितलं.

"मी जायचे बरोबर. पुण्याला, हॉस्पिटलात. दिवाळीपास्नं. सकाळच्या गाडीनं जायचो, संध्याकाळी यायचो. येताना त्यांना उलट्या व्हायच्या, मी पिशवी धरायची. गाडीतबी चुकीचं बोलायच्या, पंपाचं. मी भांडायचे. शेजारची मानसं बघायची." मग म्हणाली, "मी तुम्हाला फोन करू का म्हणून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, दादाला नको. तो काही विचारणार नाही, आणि झोपणारही नाही."

गाडी न्हावऱ्याच्या स्टँडवर थांबली, पुन्हा निघाली. तिने ओढणीच्या टोकाने काच पुसली. तिचा थांबा आला तेव्हा उठली, "येते," म्हणाली. खाली उतरून कॅनॉलच्या रस्त्याने चालत गेली. मागे वळली नाही, तिला घरी सांगायची घाई असणार.

तिच्या जागेवर एक गृहस्थ येऊन बसले. मांडीवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. "मुलगी का तुमची?" म्हणाले. मी म्हणालो, बहिणीची विद्यार्थिनी. "बहीण मास्तरीण का? कुठं असतात?" मी म्हणालो, वारली, मार्चमध्ये. त्यांनी विचारलं, काय झालं होतं. मी सांगायला लागलो. चौफुला येईपर्यंत सांगत होतो. कंडक्टरने दोनदा ओरडून सांगितलं तेव्हा उतरलो.

दौंडला पोचलो तेव्हा उजेड होता. गव्हाणे मॅडमचा फोन आला. "निकाल लागेपर्यंत मला काही बोलता येत नाही. पण शेवटच्या वर्षाच्या ॲडमिशनची कागदपत्रं गोळा करायला सांगा तिला. आणि जयसिंगराव, जूनमध्ये दुसऱ्या वर्षाला दोन मुली येतायत, एक वडाराची, एक पाबळकडची ठाकराची. अनुपमाची खोली आहे का अजून?" मी म्हणालो, आहे. पुढचं ठरवलेलं नाही.

मंडईतून गवार आणली. घरी कुणी नव्हतं. पंखा लावला, वर्तमानपत्र पसरलं, आणि खाली बसून गवारीच्या शिरा काढून ती मोडून ठेवली.